केशर म्हणून आलेली करडई

गेल्या वर्षी आत्या सहलीहून परतली ती केशराची डबी घेऊन. डबी सुरेख, आत लालभडक काड्या, आणि भाव इतका कमी की तिथेच शंका यायला हवी होती. दुधात टाकायच्या आधी मी चार काड्या वाटीभर कोमट पाण्यात सोडल्या. खरं केशर घाई करत नाही. त्याचा रंग हळूहळू सुटतो, दहा-पंधरा मिनिटांनी पाणी सोनेरी होतं आणि काडी मात्र लालच राहते. आमच्या वाटीतलं पाणी मिनिटभरात पिवळंधमक झालं, आणि वास जवळपास नाहीच.

मग एक काडी बशीत पसरून भिंगाखाली धरली. केशराची काडी म्हणजे फुलातल्या स्त्रीकेसराचं टोक. एकीकडे बारीक, दुसरीकडे तुतारीसारखं रुंद होत गेलेलं. इथे एक नाजूक नळी होती आणि तिच्या तोंडाशी पाच चिमुकल्या पाकळ्या. आत्याने भिंग घेतलं, क्षणभर पाहिलं आणि डबी बाजूला सारली.

"अरे, ही तर करडई! मंगळवेढ्याला हिचे काटे पायातून काढण्यात आमचं लहानपण गेलं. आणि आता पैसे मोजून आणली होय!"

केशरात करडईच्या पाकळ्या मिसळण्याचा धंदा फार जुना आहे. मला मात्र त्या दिवसापासून केशरापेक्षा करडईच जास्त विलक्षण वाटायला लागली.

आपण करडईचं 'फूल' म्हणतो ते एक फूल नसतंच. काटेरी बोंडाच्या तोंडावर जो केशरी झुपका दिसतो, त्यातली प्रत्येक नळी हे स्वतंत्र, पूर्ण फूल असतं. एका बोंडात अशी वीस-पंचवीसपासून शंभराच्या वरही फुलं असतात, आणि फळलेल्या प्रत्येक फुलामागे एक बी धरतं. सूर्यफूल, झेंडू, शेवंती ही सगळी याच कुळातली. करडईचं फूल उमलताना पिवळं असतं, मग नारिंगी होतं आणि सुकताना लालीवर जातं. एकाच झाडावर तिन्ही रंग दिसतात, कारण आधी शेंड्याचं बोंड फुलतं आणि मग खालच्या फांद्यांची पाळी येते.

तिचं शास्त्रीय नाव कार्थॅमस टिंक्टोरियस. यातला पहिला शब्द अरबीतल्या 'कुर्तुम'शी जोडलेला, तर दुसऱ्याचा लॅटिन अर्थ 'रंगाऱ्याचं'. संस्कृतात ती कुसुंभ, कानडीत कुसुबी, आणि आपल्याकडे कुसुंबी हा रंगच तिच्या नावाने ओळखला जातो. म्हणजे आज आपण जिला तेलबी म्हणतो, तिला जगाने शतकानुशतकं ओळखलं ते रंगासाठी.

हा रंग काढायची रीत एकदा समजली की विसरत नाही. पाकळीत दोन रंग असतात. पिवळा भरपूर आणि पाण्यात लगेच विरघळणारा. आमची वाटी पिवळी झाली ती त्याच्यामुळे. दुसरा लाल, त्याचं नाव कार्थॅमिन. तो अगदी थोडा, पाकळीच्या वजनाच्या एक टक्काही नाही, आणि साध्या पाण्याला दाद न देणारा. म्हणून रंगारी आधी पाकळ्या थंड पाण्यात पुन्हा पुन्हा चोळून पिवळा रंग काढून टाकायचे. मग त्याच पाकळ्या राखेच्या पाण्यासारख्या अल्कलीयुक्त, म्हणजे आंबटाच्या उलट गुणाच्या पाण्यात भिजवायचे. त्यात लाल रंग उतरतो. शेवटी लिंबासारखं काही आंबट घातलं की तो पाण्यात राहू शकत नाही आणि समोर असलेल्या सुती किंवा रेशमी धाग्यावर जाऊन बसतो. थोडा बसला तर गुलाबी, पुन्हा पुन्हा बसवला तर गडद लाल.

इजिप्तमध्ये तुतनखामुनच्या थडग्यात करडईच्या फुलांच्या माळा सापडल्या. जपानच्या यामागाता भागात हिला 'बेनिबाना' म्हणतात. तिथे या लाल रंगापासून ओठांची लाली बनायची, आणि फुलं तोडायची वेळ पहाटेची, कारण दव पडलेलं असताना काटे मऊ असतात. (हा पहाटेचा मुद्दा लक्षात ठेवा, तो पुढे आपल्या शिवारातही येणार आहे.) इंग्रजी अमदानीत कागदांचे गठ्ठे ज्या तांबड्या फितीने बांधत, तिच्या रंगासाठीही करडई वापरली जायची. सरकारी दिरंगाईला आपण ज्या लालफितीच्या नावाने शिव्या देतो, तिचं मूळ एका शेतातल्या बोंडापर्यंत जातं, हे मला फार गमतीचं वाटतं.

या रंगात एक खोट होती. तो उन्हात टिकत नाही, फिका पडतो. 1856 मध्ये पहिला कृत्रिम रंग निघाला, पुढच्या काही दशकांत स्वस्त आणि पक्के रंग बाजारात आले, आणि रंगाची करडई संपल्यात जमा झाली. उरली ती तेलाची.

आता मूळ मुद्दा, आणि इथे 'मूळ' हा शब्द शब्दशः घ्यायचा.

सोलापूर, धाराशिव, बीड, लातूर, परभणी या पट्ट्यातली भारी काळी जमीन म्हणजे एक टाकी आहे. मीटरभर खोल काळ्या मातीत पिकाला घेता येईल असं दीड-दोनशे मिलिमीटर पाणी मावतं. सप्टेंबरात ही टाकी भरते आणि त्यानंतर चार-पाच महिने पाऊस जवळजवळ नसतो. रब्बीचं सगळं शेत म्हणजे या टाकीतलं पाणी पुरवून पुरवून वापरण्याचा खेळ. गव्हाला वरून पाणी लागतं. ज्वारी आणि हरभरा साठलेल्या ओलीवर येतात, पण ओल खाली खाली सरकत जाते तशी त्यांची दमछाक होते. करडईचं सोटमूळ मात्र खोल जमिनीत 2 ते 3 मीटरपर्यंत उतरतं. इतर पिकांच्या हाताला न लागणारं तळाचं पाणी ती ओढून घेते.

त्यासाठी ती सुरुवातीला काय करते ते बघण्यासारखं आहे. उगवल्यानंतर जवळजवळ महिनाभर रोप वर वाढतच नाही. पानं जमिनीला चिकटून गोल पसरतात, मधे दांडा नाही, काही नाही. नवख्याला वाटतं पीक बसलं, खत कमी पडलं. खाली मात्र मूळ झपाट्याने उतरत असतं. खालची सोय लागल्यावरच दांडा वर येतो, फांद्या फुटतात आणि पानांच्या कडा काटेरी व्हायला लागतात. याच महिन्यात तण मात्र जोरात वाढतं, म्हणून एक-दोन कोळपण्या इथेच हव्यात. कोळपणीने भेगाही बुजतात आणि ओल उडून जात नाही.

पेरणी सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा, म्हणजे उत्तरा आणि हस्ताच्या पावसाच्या बेताने. एकरी चार-पाच किलो बी पुरतं. दोन ओळींत 45 सेंटिमीटर, दोन रोपांत साधारण 20. बियाला बुरशीनाशक किंवा ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी चोळायची, कारण मर रोग हा हिचा जुना शत्रू आहे. बी ओलीत पडलं पाहिजे, वरच्या कोरड्या मातीत नाही. कोरडवाहूसाठी हेक्टरी 50 किलो नत्र आणि 25 किलो स्फुरद, तेही पेरतानाच, कारण नंतर टाकलेलं खत विरघळायला वर ओल असतेच कुठे? पंधरा-वीस दिवसांनी विरळणी. ती टाळू नये. दाटीत मूळ खाली गेलं तरी वाटेकरी फार होतात.

उशीर केला तर काय बिघडतं? मावा. ही रस शोषणारी बारीक कीड. करडईवरचा मावा काळा असतो आणि कोवळ्या शेंड्यावर असा लगडतो की दांडा काजळ फासल्यासारखा दिसतो. डिसेंबर-जानेवारीत थंडी आणि ढगाळ हवा असली की तो वाढतो. वेळेवर पेरलेली करडई तोवर थोडी जून झालेली असते. उशिराची नेमकी तेव्हा कोवळी असते आणि मावा तिच्यावर तुटून पडतो. फवारणीचा खर्च वाचवायचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे पंचांग पाहून, नाहीतर आकाश पाहून, वेळेत पेरणं. मावा खाणारे ढालकिडे दिसले तर त्यांना त्यांचं काम करू द्यावं.

पाण्याबाबत एक गोष्ट उलटी वाटेल. हाताशी पाणी असेल तर एखादं संरक्षित पाणी दिल्याने उत्पादन वाढतं, पण ते जमिनीला भेगा पडायच्या आधी आणि हलकं. भेगा पडल्यावर पाणी सोडलं तर ते थेट मुळाशी जाऊन साचतं, मुळं गुदमरतात आणि उभं पीक मरतं. दुष्काळात तगणारी करडई चिखलात दोन दिवस तग धरत नाही. कोरडवाहूत हेक्टरी दहा-बारा क्विंटल निघाले तरी लोक समाधानी असतात.

काटे. यांच्यावर दोन्ही बाजूंनी बोलता येतं. आत्याच्या घरी ज्वारीच्या शेताला कडेने करडईचे तास असायचे, निव्वळ कुंपण म्हणून. गुरं आत शिरत नसत. आज रानडुकरं आणि हरणं ज्या गावांत हैदोस घालतात, तिथे करडई त्या मानाने वाचते. पण कापणीला हेच काटे अंगावर येतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पीक वाळून खडखडीत झालं की कापणी पहाटेच सुरू करावी लागते. हवेत गारवा आणि दमटपणा असतो तोवर काटा नरम राहतो आणि बीही कमी गळतं. यामागाताच्या बायका फुलं तोडायला जी वेळ निवडत, तीच वेळ मंगळवेढ्याच्या बायका कापणीला निवडत. आत्या सांगते, पायाला जुन्या धोतराच्या पट्ट्या आणि हाताला गोणपाट गुंडाळून त्या उतरायच्या, आणि ऊन चढलं की मुकाट्याने बांधावर येऊन बसायच्या.

मजूर मिळेनासे झाले आणि करडई मागे पडली, त्यात या काट्यांचा वाटा मोठा आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाट्याच्या करडईवर बरीच वर्षं काम केलं. 'नारी-6' हा त्यांचाच बिनकाट्याचा वाण. पाकळ्या गोळा करण्यासाठी पाठीवर अडकवून हवेने ओढून घेणारं यंत्रही त्यांनी केलं. काटेरी वाणांत भीमा, शारदा, फुले कुसुमा, परभणी कुसुम ही नावं शेतकऱ्यांच्या तोंडी आहेत. आता बऱ्याच ठिकाणी हार्वेस्टरने कापणी होते आणि काट्यांचा प्रश्न तिथेच मिटतो. म्हणून मला तरी वाटतं, ज्याच्या गावात हार्वेस्टर येतो आणि रानडुकरंही येतात, त्याने काटेरीच लावावी. काटे गेले की कुंपणही जातं.

तेलाकडे वळू, कारण गोंधळ सगळ्यात जास्त तिथेच आहे.

कुठल्याही तेलात कार्बनच्या लांब साखळ्या असतात. साखळीत काही ठिकाणी दुहेरी जोड असतो. ऑलिइक आम्लात असा एक जोड, लिनोलिइकमध्ये दोन. दुहेरी जोड जितके जास्त, तितकं तेल पातळ आणि तितकंच हवेतल्या ऑक्सिजनला लवकर बळी पडणारं. आपल्या नेहमीच्या करडईच्या तेलात तीन चतुर्थांशाच्या आसपास लिनोलिइक असतं. त्याचे दोन परिणाम होतात. पातळ थर हवेत ठेवला तर तो ऑक्सिजन घेऊन वाळतो आणि पापुद्र्यासारखा होतो. म्हणून तैलचित्रं काढणारे, खासकरून पांढऱ्या आणि फिक्या रंगांसाठी, हे तेल वापरतात. जवसाच्या तेलासारखं ते पिवळं पडत नाही. चित्रकाराला जो गुण वाटतो तोच स्वयंपाकघरात दोष ठरतो: घाण्याचं तेल उघडं राहिलं, उन्हात राहिलं की खवट होतं, आणि तळणासाठी पुन्हा पुन्हा तापवलं तर आणखी बिघडतं.

याच करडईचा दुसरा प्रकार आहे, ज्यात प्रमाण बरोब्बर उलटं असतं: ऑलिइक तीन चतुर्थांश, म्हणजे ऑलिव्ह तेलाच्या जवळपास. साखळीत दुसरा जोड घालण्याचं काम एक विकर (एन्झाइम) करतं. ते बनवणारं जनुक निकामी झालं आणि आई-बाप दोन्हीकडून निकामीच आलं, तर साखळी एका जोडावरच थांबते. एवढाच फरक. गंमत म्हणजे हा गुण सापडला तो भारतातून परदेशी गेलेल्या बियाण्यात, आणि त्यावरून कॅलिफोर्नियात पी. एफ. नोल्स यांनी 1966 मध्ये 'यूसी-1' हा वाण दिला. आपल्या मातीतलं बी तिकडे जाऊन नावारूपाला आलं. आता आपल्याकडेही जास्त ऑलिइकचे वाण निघाले आहेत.

मग 'हृदयाला चांगलं' हे कितपत खरं? लिनोलिइकने रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल कमी होतं, हे पक्कं आहे. त्यावरून करडईचं तेल म्हणजे हृदयाचं औषध, असा समज जाहिरातींनी घराघरांत पोचवला. पण सिडनीत 1966 ते 1973 दरम्यान हृदयविकार असलेल्या पुरुषांवर एक प्रयोग झाला होता. त्यांच्या आहारातली घट्ट स्निग्धं काढून करडईचं तेल दिलं गेलं. त्याची जुनी आकडेवारी शोधून 2013 मध्ये पुन्हा तपासली, तेव्हा कोलेस्टेरॉल उतरूनही करडईच्या गटात मृत्यू जास्त निघाले. एका प्रयोगावरून तेल वाईट ठरत नाही, आणि तज्ज्ञांचा वाद अजून चालू आहे. पण एकाच तेलाची भरमसाठ मात्रा घेण्यात शहाणपण नाही, एवढं तर कळतं. आमच्या घरी घाण्याचं करडईचं तेल येतं ते छोट्या बाटलीत. ठेच्यावर, शेंगदाण्याच्या चटणीवर कच्ची धार घ्यायला. तळण शेंगदाण्याच्या तेलात. बाजारातल्या बाटलीवर करडईचं चित्र दिसलं तरी मागची बारीक अक्षरं वाचावीत. मिश्रण असेल तर कुठलं तेल किती टक्के, ते तिथे लिहिलेलं असतं.

पाकळ्यांचा चहा हल्ली मिळतो. चीनमध्ये या पाकळ्या औषधात पूर्वापार वापरतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा गरोदरपण असेल, तर मात्र तो घेऊ नये. आत्याला अशी गोळी चालू आहे, त्यामुळे त्या डबीचं केशर चहालाही उपयोगी पडलं नाही.

आणि भाजी. विरळणीत उपटलेली रोपं पूर्वी टोपलीभर घरी यायची. कोवळी पानं बारीक चिरायची, भिजवलेली मूगडाळ, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, झाकण ठेवून एक वाफ. चव किंचित कडसर, वास मेथीपेक्षा सौम्य आणि वेगळाच. मराठवाड्यात काही घरी पानं कच्चीच कांदा, दाण्याचं कूट आणि तेल घालून भाकरीबरोबर खातात. उत्तर कर्नाटकात बी भिजवून, वाटून, त्याचं पांढरं दूध काढतात आणि गहू-गूळ घालून 'कुसुबी हुग्गी' करतात. एकदा खाऊन बघावी अशी खीर आहे.

इतकं सगळं असून करडई गेली कुठे? 1980 च्या दशकाच्या अखेरीस देशात ती दहा लाख हेक्टरच्या आसपास होती. आता लाखाच्या आतबाहेर. कालवे आणि विहिरी आल्या तिथे ऊस आला. जिचा मोठेपणा पाण्यावाचून जगण्यात होता, तिला पाणी आल्यावर कोण विचारणार? उरलेल्या रानात हरभऱ्याने जागा घेतली: काढायला सोपा, विकायला सोपा. बाहेरून स्वस्त पामतेल यायला लागलं आणि गावोगावचे घाणे बंद पडले. सरकार हमीभाव जाहीर करतं, 2025-26 च्या विपणन हंगामासाठी तो क्विंटलला 5,940 रुपये होता, पण जवळ खरेदीदार नसेल तर तो आकडा कागदावरच राहतो. आज करडई पिकवण्यात जगात कझाकस्तान पुढे आहे. कोरडं गवताळ रान, थोडा पाऊस, मोठी यंत्रं. तिला लागतं ते सगळं तिथे आहे.

शहरात बसून करडई बघायची असेल तर पक्ष्यांच्या खाद्याच्या दुकानात जा. पोपटांसाठी विकतात ते पांढरं, कोनदार, शंखाच्या तुकड्यासारखं बी तेच. पेरणीच्या पिशवीतलं बी औषध लावलेलं असतं, म्हणून पानं खायची असतील तर हेच बरं. आत्याने ऑक्टोबरात मूठभर बी रात्रभर भिजवून कुंडीत टाकलं. चौथ्या-पाचव्या दिवशी कोंब आले, आणि महिन्याभरात दोघांपुरती भाजी निघाली. दोन रोपं तिने मुद्दाम ठेवली आहेत. कुंडी हातभर खोल, आणि रोपांना दांडा आता कुठे फुटतोय. पानाच्या कडेला बोट लावलं की टोचतं.